रंगशंका : रोज बदलणारा डोंगर कसा रंगवायचा?

या वेळी आलेल्या प्रश्नांत एक गोष्ट सारखी डोकावते. समोरचं दृश्य जागेवर थांबत नाही. डोंगर कापला जातो, शेतात इमारत उभी राहते, मागच्या वेळी काढलेलं झाड या वेळी नसतं. म्हणून सगळी उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

घरासमोरचा डोंगर महामार्गाच्या रुंदीकरणात कापला जातोय. दर काही महिन्यांनी तेच दृश्य जलरंगात करते. पण चार चित्रं शेजारी ठेवली की चार वेगळ्या गावांची वाटतात. काय चुकतं? — एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

तुमच्या चित्रांत डोंगरही हलतोय आणि तुम्हीही. दोन्ही एकदम हलले की बघणाऱ्याला काय कशाशी ताडायचं तेच कळत नाही. डोंगराचा बदल दिसायला हवा असेल तर बाकीचं खिळवून ठेवा : बसायची जागा, डोळ्याची उंची, चौकट, कागदाचा आकार, तास आणि महिना.

आधी जागा. ‘आंब्याखाली’ ही खूण पुरत नाही, आंबाही तोडला जातो. फोनवरचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं, आणि जवळ कुंपण किंवा ओटा असेल तर तेवढ्यानेही चित्र बदलतं. समुद्रातले कोळी किनाऱ्यावरच्या दोन-दोन खुणा एका रेषेत आणून आपली जागा ओळखतात, तसंच करा. देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खाचेत बसतो, ही एक जोडी. तिच्याशी साधारण काटकोनात दुसरी जोडी शोधा, समजा पाण्याच्या टाकीची कड आणि तिच्यामागचा विजेचा मनोरा. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळतात अशी जागा एकच असते, आणि ती पावलाच्या अंतराने सापडते. एखादी खूण नाहीशी होणारच, म्हणून तिसरी जोडीही वहीत लिहून ठेवा.

मग डोळ्याची उंची. स्टुलावर बसलात तर डोळा जमिनीपासून साधारण १.१ मीटरवर असतो, उभ्या माणसाचा दीड मीटरवर. क्षितिजरेषा नेहमी डोळ्याच्या उंचीवर असते. त्यामुळे बसून पाहिलं की समोरचं शेत दबून पातळ होतं आणि उभं राहिलं की पसरतं. एक चित्र बसून नि दुसरं उभ्याने केलं, तर रस्त्याने शेत गिळलं की तुम्ही खुर्चीवर बसलात, हे चित्रातून ओळखता येणार नाही.

चौकटीसाठी पुठ्ठ्यात ९ × १२ सेंटीमीटरची खिडकी कापा. दर ३ सेंटीमीटरला काळा दोरा ताणून चिकटवा, म्हणजे उभे चार आणि आडवे तीन असे बारा चौकोन पडतील. पुठ्ठ्याला एक सुतळी बांधून २४ सेंटीमीटरवर गाठ मारा. पाहताना गाठ दातांत धरायची आणि सुतळी ताठ ठेवायची. यातून आडवं साधारण २८ अंशांचं दृश्य दिसतं, मान न वळवता डोळ्यात मावतं तेवढं. कागद पाव इंपीरियल, म्हणजे २८ × ३८ सेंटीमीटर घ्या आणि कडेने टेप लावून आत २७ × ३६ चं क्षेत्र आखा. खिडकीच्या बरोबर तिप्पट. प्रत्येक चौकोन कागदावर ९ सेंटीमीटरचा येतो आणि मोजणं सोपं होतं. व्हॅन गॉगनेही १८८२ मध्ये हेगला असताना दोऱ्यांची चौकट करून घेतली होती. तेव्हा यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

तासाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून सावल्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने पक्क्या करा आणि नंतर त्यांच्यामागे धावू नका. बरं, ‘रोज सकाळी आठ’ एवढ्यानेही भागत नाही. आपल्या अक्षांशावर जून आणि डिसेंबरमधल्या सूर्योदयाच्या जागेत क्षितिजावर सुमारे ५० अंशांचा फरक पडतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो. एरवी दिवसभर सावलीत राहणारा उत्तरेकडचा उतार त्या दिवसांत उजळतो. कापाची भिंत उत्तरेकडे तोंड करून असेल तर मेमध्ये आणि डिसेंबरमध्ये ती दोन वेगळ्या दगडांची वाटेल.

यातूनच मोठी चूक होते. ऑक्टोबरचं हिरवं चित्र आणि एप्रिलचं करपलेलं चित्र शेजारी लावलं की रस्त्याने रान खाल्लं असं वाटतं. खरं तर ते गवत दरवर्षीच करपतं. माणसाने केलेला बदल दाखवायचा तर दर वर्षी एकाच पंधरवड्यात केलेली चित्रं एकमेकांशेजारी लावा. नोव्हेंबरचा मध्य, फेब्रुवारीची अखेर, मेचा मध्य आणि पावसाची एखादी उघडीप अशी वर्षाला चार चित्रं पुरतात. नोव्हेंबरचं चित्र पुढच्या नोव्हेंबरशीच ताडायचं.

मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख, वेळ, दिशा, वारा आणि ढग लिहा. बॉलपेन नको, त्याची शाई तेलकट असते आणि पुढे झिरपते. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला केलेल्या ढगांच्या अभ्यासचित्रांमागे अशाच नोंदी आहेत. आकाश मात्र खिळवू नका. ते त्या दिवसाचं असू द्या, नाहीतर सगळी मालिका सरकारी मोजणीच्या नकाशासारखी होईल.

कापलेल्या डोंगराचा लाल रंग चित्रात गेरू फासल्यासारखा दिसतो. जांभ्याचा रंग कसा जमवायचा? — सावंतवाडी

लाल एकच धरलात म्हणून. जांभा ताजा कापलेला असतो तेव्हा मऊ असतो, आणि त्यात पिवळे, केशरी, फिकट जांभळट डाग असतात. उघड्यावर तो कडक होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत शेवाळाने काळवंडतो. म्हणजे रंगावरून कापाचं वय कळतं, आणि तुमच्या विषयाचा सगळा जीव त्यातच आहे.

ताज्या भागाला आधी यलो ऑकरचा पातळ थर द्या. तो ओला असतानाच बर्न्ट सिएना सोडा आणि अगदी थोड्या ठिकाणी लाइट रेड. लाइट रेडच्या ट्यूबवर पीआर १०१ हा रंगद्रव्याचा क्रमांक पाहून घ्या. हा रंग फार झाकणारा आहे, ब्रशच्या टोकापुरताच घ्या. गेरू फासल्यासारखं दिसतं ते बहुतेक वेळा याच्यामुळेच. जुन्या भागाला बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन. सावलीत काळा घालू नका. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन मिसळत गेलात तर तपकिरीपासून निळसर राखाडीपर्यंत सगळं मिळतं. काप खोल गेला आणि खाली काळा कातळ लागला असेल तर अल्ट्रामरीन दोन भाग आणि बर्न्ट सिएना एक भाग. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून दगडाचा खडबडीतपणा आपोआप देतात. अट एकच, ब्रश दुसऱ्यांदा फिरवायचा नाही. फिरवला की चिखल.

जेसीबीच्या दातांचे उभे समांतर ओरखडे रंग अर्धवट वाळल्यावर चपट्या, ओलसर ब्रशने उचलून घ्या. पांढरा रंग लावून केलेत तर ते भिंतीवर खडूने मारल्यासारखे दिसतात.

आणि एवढं करूनही लाल अंगावर आलाच, तर दोष बहुधा शेजारच्या हिरव्याचा असतो. ट्यूबमधला हिरवा तसाच वापरू नका, त्यात दहाव्या हिश्शाने बर्न्ट सिएना घाला. हिरवा शांत झाला की लालही जागेवर बसतो.

गुलाबी आणि किरमिजी रंग वर्षभरात उडून गेले. चित्रावर ऊन येत नव्हतं. — मिरज

थेट ऊन लागायलाच हवं असं नाही, खोलीतला उजेडही पुरतो. अलिझरिन क्रिमझनमध्ये पीआर ८३ असेल तर तो उडणारच. ऑपेरा गुलाबीतला चमकणारा भाग रंगकणांचा नसून डायचा, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाचा असतो, तो आधी जातो. ऑरिओलिन, म्हणजे पीवाय ४०, कालांतराने तपकिरी पडतो. किरमिजीसाठी पीव्ही १९ घ्या. नवा रंग पारखायचा तर कागदाच्या पट्टीवर लावा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत तीन महिने ठेवा. दोन अर्ध्यांत फरक दिसला तर तो रंग सरावाच्या वहीपुरता.

गच्चीतून येऊरचा डोंगर आणि त्याच्यापुढे उभे राहणारे टॉवर रंगवतो. फोटोवरून केलं की डोंगर टेकडीएवढा होतो आणि टॉवर वाकतात. — ठाणे

फोनची मुख्य लेन्स फार रुंद असते, जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबात २४ ते २६ मिलिमीटरची. ती जवळपास ७० अंश एका फोटोत कोंबते. तुमचं लक्ष मात्र जेमतेम ३०-४० अंशांवर असतं. जागा न सोडता २ एक्स वर घेतलं तर सुमारे ३८ अंश येतात आणि ३ एक्स वर साधारण २६. वर सांगितलेल्या पुठ्ठ्याच्या खिडकीशी हा ३ एक्स जवळजवळ जुळतो.

टॉवर वाकतात ते फोन मागे कलल्यामुळे. पडद्यावरच्या जाळीच्या रेषा चालू करा, फोन अगदी उभा धरा, खालचा नको असलेला भाग येऊ द्या आणि नंतर छाटा.

फोटोतल्या सावल्यांवर विश्वास ठेवू नका. उजेडाला धरून एक, सावलीला धरून एक आणि मधला एक असे तीन फोटो घ्या, पण गडद-फिकट कुठे किती ते जागेवरच ठरवा. तळहाताएवढ्या कागदावर मऊ पेन्सिलीने चार छटांत पाच मिनिटांचं रेखाटन केलं तरी ते तिन्ही फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

काचेच्या इमारती निळ्या रंगवायची सवय सोडा. काच आकाश दाखवते, पण सहसा आकाशापेक्षा थोडी गडद. म्हणून आकाशाचाच रंग घेऊन एक पायरी खाली उतरवा. दूरचा डोंगरही नेहमी निळा नसतो. स्वच्छ हवेत, पाऊस नुकता थांबला असताना, तो निळा दिसतो. बांधकामाची धूळ हवेत असेल तेव्हा तो फिकट, पिवळट राखाडी होतो. ती राखाडी प्रामाणिकपणे लावलीत तर टॉवर न काढताही ठाणं बदलल्याचं सांगता येतं.

चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे शिकवत होते एवढं माहीत आहे. त्यांच्या निसर्गचित्रांतून आजच्या विद्यार्थ्याने काय घ्यावं? — बडोदे

बेंद्रे १९१० मध्ये इंदूरला जन्मले. तिथल्या कलाशाळेत दत्तात्रय देवळालीकरांकडे शिकले आणि १९३३ मध्ये मुंबईची कलापदविका घेतली. मग काश्मीर, शांतिनिकेतन, पुढे १९४७-४८ मध्ये अमेरिका. १९५० मध्ये ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागात आले, १९५९ मध्ये अधिष्ठाता झाले आणि १९६६ मध्ये राजीनामा देऊन मुंबईला गेले. १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्याकडून घ्यायचं ते हे की जमीन न बदलताही निसर्गचित्र बदलू शकतं. सुरुवातीच्या निसर्गचित्रांत भरदार, वेगवान फटकारे आहेत. मधल्या काळात आकारांची मोडतोड आहे. उत्तरायुष्यात लहान लहान ठिपक्यांनी विणलेली चित्रं आहेत. शेतं, माणसं, झाडं तीच राहिली, पाहण्याची रीत बदलली. शिकवणाऱ्याने स्वतः इतक्या वेळा पाटी पुसणं हे विद्यार्थ्यांसाठी कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठं असतं, असं आमचं मत.

ठिपक्यांची नक्कल करणार असाल तर हिशोब सांभाळा. डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो. म्हणजे १ मिलिमीटरचे ठिपके साडेतीन मीटरवरून एकमेकांत मिसळतात, ३ मिलिमीटरचे मिसळायला दहा मीटर मागे जावं लागतं. घरातल्या भिंतीवर एवढी जागा कोणाकडे असते? दुसरी चूक अशी : शेजारी लावलेले लाल आणि हिरवे ठिपके दुरून झळाळतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्यांची सरासरी होऊन मळकट, सोनेरी-राखाडी छटा मिळते. झळाळी हवी असेल तर जवळचे रंग शेजारी ठेवा, पिवळ्याजवळ केशरी, निळ्याजवळ मोरपंखी. विरुद्ध रंग चिमूटभरच.

पावसाळ्यात जलरंगाचा कागद खराब होतो. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिला की मध्येच ठिपक्या-ठिपक्यांनी रंग पिऊन घेतो. कपाटात कापूर ठेवला होता. — कोल्हापूर

कापराने किडे लांब राहतात, ओल जात नाही. कागदावर सरस किंवा जिलेटिनचा थर असतो, त्यामुळे पाणी थोडा वेळ वर थांबतं. दमट हवेत त्या थरावर बुरशी येते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण तेवढी जागा टिपकागदासारखी वागते. कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा हात फिरवून तिरक्या उजेडात पाहा. चमक सलग राहिली तर कागद ठीक. मध्येच लगेच गडद ठिपके उमटले तर त्या कागदावर वॉश नको, कोळसा किंवा पेस्टल करा.

मेअखेरीला, हवा कोरडी असतानाच, कागद जाड पॉलिथीनमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करा. जून उजाडल्यावर बंद केलात तर ओलही आतच कोंडली जाते. गठ्ठा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसात काम करायचं तर ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, सुती कागदच घ्या आणि दोन वॉशमध्ये उन्हाळ्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ धरा. वरून वाळलेला वाटला तरी हाताच्या पाठीने चाचपा. गार लागला तर आत पाणी आहे.

तैलरंगवाल्यांसाठी एवढंच : पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला म्हणून कोपऱ्यातल्या पाचरी ठोकत बसू नका. कोरडी हवा आली की तोच कॅनव्हास जास्त ताणला जाईल आणि रंगाला तडे जातील.

अंतिम वर्षासाठी ‘बदलतं शहर’ या विषयावर दहा चित्रं करतेय. परीक्षक म्हणतात, ही नुसती दृश्यं आहेत. — पुणे

त्यांचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता आहे. दहा ठिकाणची दहा दृश्यं म्हणजे सहल. एकच ठिकाण निवडा, किंवा एकच प्रश्न. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८९०-९१ मध्ये कापलेल्या गव्हाच्या गंजींची पंचवीसएक चित्रं केली. गंजी त्याच, उजेड निराळा. १८९१ मध्ये तो एप्ट नदीकाठचे पॉपलर रंगवत असताना गावाने ती झाडं विकायला काढली. तेव्हा चित्रं पुरी होईपर्यंत ती उभी राहावीत म्हणून त्याने लाकूड व्यापाऱ्याला पैसे मोजले. बदल किती महाग असतो ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

शहराच्या बाबतीत चित्रकार सुधीर पटवर्धनांचं ‘लोअर परळ’ (२००१) पाहा. गिरणगाव आणि त्यावर चढणारं नवं शहर एकाच कॅनव्हासवर नांदतं, ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन कप्पे नाहीत. विद्यार्थी नेमके त्या कप्प्यांत अडकतात : डावीकडे हिरवं शेत, उजवीकडे करडा टॉवर. हे चित्र पाहायच्या आधीच सगळ्यांना पाठ असतं. त्याऐवजी दोन अवस्थांच्या मधल्या गोष्टी शोधा. पत्र्याचं कुंपण, मोजणीच्या खुंट्या, अर्धं तोडलेलं घर आणि त्याच्या उघड्या भिंतीवर राहिलेला स्वयंपाकघराचा हिरवा रंग.

मांडणीबद्दल एक कानमंत्र. सगळ्या चित्रांत क्षितिजरेषा कागदाच्या तळापासून एकाच उंचीवर ठेवा आणि टांगताना ती भिंतीवर १५० सेंटीमीटरच्या आसपास एका ओळीत आणा. बघणारा चालत जाईल तशी जमीन स्थिर राहते आणि वरचं शहर वाढत जातं. दहांतली तीन काढून टाका. कोणती, ते तुम्हालाही माहीत असेलच.

मुंबईची जुनी दृश्यं घेऊन आजच्या जागेशी जोडायची आहेत. कोणती घ्यावीत, किती खरी मानावीत? — गिरगाव

जेम्स वेल्सने १७९१-९२ मध्ये केलेली मुंबईची बारा दृश्यं घ्या. हा स्कॉटिश चित्रकार पुढे पुण्याला गेला, त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं केली. वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढणारा पुण्याचा गंगाराम तांबट त्याच्याच सहवासातला. १७९३ मध्ये मुंबईला आलेले थॉमस आणि विल्यम डॅनियल हे इंग्रज चित्रकारही उपयोगी पडतील. ते कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पाडणारी पेटी वापरत, त्यामुळे त्यांच्या इमारतींची मापं बरीच भरवशाची असतात.

पण ही छापील चित्रं आहेत, आणि त्यांवरचा रंग हाताने भरलेला असतो. दोन प्रतींत तो वेगळा निघू शकतो, तेव्हा रंगावरून काही सिद्ध करू नका. कडेची झाडं आणि पुढची माणसं रचनेसाठी घातलेली असू शकतात. डोंगर बहुधा उंच केलेले असतात. जागेवर जाऊन डोंगराची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण पुठ्ठ्याच्या खिडकीतून मोजा, मग चित्रात मोजा. फरक किती ते कळलं की त्या हिशोबाने बाकीचं वाचता येतं. समुद्रात भराव कुठे पडला ते पाहायला ब्रिटिश मोजणी अधिकारी लाफ्टनने १८६५ ते १८७२ दरम्यान केलेल्या मोजणीचे नकाशे चित्रांपेक्षा बरे.

काम चालू असलेल्या ठिकाणी रंगवायला बसलं की हाकलतात. शिवाय धुळीने चित्रं खराब होतात. — नवी मुंबई

कुंपणाच्या आत जायचं तर साइट इंजिनिअरची लेखी परवानगी आणि डोक्यावर हेल्मेट. खाणीत सुरुंगाची वेळ आधी विचारून घ्या. ताज्या कापाखाली पावसात कधीही बसू नका, चित्र अर्धं राहिलं तरी चालेल. धरण, विमानतळ आणि लष्करी हद्दीजवळ बसण्याचा प्रश्नच नाही.

धुळीसाठी वारा जिकडून येतो त्या बाजूला बसा आणि पाण्याच्या भांड्याला झाकण ठेवा. सिमेंटची धूळ अल्कलीयुक्त असते आणि प्रशियन ब्लू अल्कलीत टिकत नाही, तपकिरी पडतो. अशा जागी अल्ट्रामरीन किंवा थॅलो ब्लू वापरा. ओल्या वॉशवर धूळ पडलीच तर फुंकर मारू नका, बोटाने तर नाहीच नाही. कागद पूर्ण वाळू द्या, मग उभा धरून मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली झाडा.